नमाज वेळेवर होते, कामे मात्र लांबणीवर पडतात. ही सवय दीनच्या (धर्माच्या) आधाराने कशी मोडावी?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

अस्सलामु अलैकुम.

मी एका महाविद्यालयात शिकवतो आणि सोबत पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण करण्याच्या खटपटीत आहे. माहिती गोळा झालेली आहे, मार्गदर्शकांचे सहकार्य आहे, सुट्टीही मिळते, तरी शेवटची दोन प्रकरणे बराच काळ तशीच पडून आहेत. वडिलांच्या पश्चात सातबारावर वारसांची नोंद करून घ्यायची आहे आणि त्यानंतर बहिणींचे हिस्से वेगळे करायचे आहेत, तेही राहिले आहे. चुलतभावाकडून घेतलेली उसनी रक्कम परत करायची आहे. पैसे खात्यात आहेत, देणे तेवढे बाकी आहे.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की नमाजच्या बाबतीत माझे असे होत नाही. फजरला (पहाटेच्या नमाजला) जाग येते, जोहरची (दुपारची) जमात (सामूहिक नमाज) सहसा चुकत नाही, आणि असरची (तिसऱ्या प्रहरची) नमाज मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) बघू असा विचार मनाला शिवतही नाही. माणूस एकच, शरीर एकच, दिवसही तोच. तरीही जानमाजवरून (नमाजच्या आसनावरून) उठून टेबलाशी गेलो की हा वक्तशीरपणा कुठे जातो ते कळत नाही.

जुम्याच्या (शुक्रवारच्या) बयानात (प्रवचनात) आळस हा शैतानाचा वसवसा (मनात घातलेली कुजबुज) आहे असे ऐकतो. ऐकून शरम वाटते, पण त्या शरमेने काम पुढे सरकत नाही; उलट अर्धवट प्रकरणाची फाइल उघडणेच नकोसे होते. एका स्नेह्यांनी इबादत (उपासना) वाढवण्याचा सल्ला दिला. ती वाढवली, तेव्हा तिचेच निमित्त होऊ लागले: लिहायला बसण्याआधी तिलावत (कुरआनपठण), तिलावतीनंतर मोबाइलवर एखादे बयान, आणि तोवर पुढच्या अजानची वेळ. वेळेचे महत्त्व सांगणाऱ्या आयती (कुरआनातील वचने) आणि हदीसा (पैगंबरांची वचने व आठवणी) मला ठाऊक आहेत, सूरह अल-अस्र (काळाची शपथ घेणारा कुरआनातील अध्याय) तर लहानपणापासून पाठ आहे. म्हणून मला उपदेश नको, कार्यपद्धती हवी आहे. ईमान (श्रद्धा) माणसाला चालढकलीतून प्रत्यक्ष बाहेर कसे काढते, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

मिरजकर

वअलैकुमुस्सलाम.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला एका माणसाच्या हकिगतीत सापडते, आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली असल्यामुळे तिचे मोल अधिक आहे. हजरत काब बिन मालिक (रजि., म्हणजे अल्लाह त्यांच्यावर प्रसन्न असो) हे मदिनेचे अन्सारी सहाबी (पैगंबरांना साथ देणाऱ्या मदिनावासीयांपैकी त्यांचे सोबती) आणि नावाजलेले कवी. हिजरी ९, म्हणजे इ.स. ६३० मध्ये पैगंबर मुहम्मद (स., म्हणजे त्यांच्यावर अल्लाहची कृपा व शांती असो) यांनी तबूकच्या लष्करी मोहिमेसाठी हाक दिली, तेव्हा ते मागे राहिले. उतारवयात दृष्टी गेल्यावर त्यांनी ही सारी कथा आपल्या मुलाला सांगितली, आणि बुखारी व मुस्लिम या हदीसांच्या दोन्ही संग्रहांत ती सविस्तर आली आहे.

ते सुरुवातीलाच सांगतात की त्या वेळेइतके सशक्त आणि संपन्न ते पूर्वी कधीच नव्हते. सवारीची दोन जनावरे एकाच वेळी त्यांच्याकडे कधी नव्हती, ती त्या वेळी होती. उन्हाळा कडक होता, प्रवास लांबचा होता, मदिनेत फळे पिकली होती आणि सावली सुखाची वाटत होती. लोक तयारीला लागले. काबही रोज सकाळी तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीही न करता परत येत, आणि मनाशी म्हणत की मला हवे तेव्हा मी हे करू शकतो. लष्कर निघाले. तेव्हा त्यांनी ठरवले की एकदोन दिवसांत तयारी करून वाटेत गाठू. तेही झाले नाही. लष्कर फार पुढे गेले, आणि अजूनही निघावे असा विचार येत असतानाच ती संधी संपली.

आपण लिहिलेल्या परिस्थितीशी हे ताडून पाहावे. चालढकलीचे मूळ आपण दुबळेपणात शोधतो, पण काब यांच्या बाबतीत ते सामर्थ्यात होते. ‘मला केव्हाही जमेल’ हा भरवसाच त्यांना घरी बसवून गेला. आपली माहिती गोळा झालेली आहे, पैसे खात्यात आहेत, सुट्टी मिळते, आणि नेमक्या याच कामांना आपण हात लावत नाही. असरची नमाज मात्र केव्हाही जमेल असे आपल्याला वाटत नाही, कारण सूर्य मावळला की ती कजा होते (तिची वेळ टळते) हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे. सूरह निसाच्या १०३व्या आयतीत नमाज ही ठरलेल्या वेळांसह मोमिनांवर (श्रद्धावंतांवर) फर्ज (बंधनकारक) असल्याचे म्हटले आहे. बाकी कामांना कुणीही वेळ ठरवून दिलेली नाही, आणि आपण स्वतः ती ठरवत नाही.

या कथेचा उत्तरार्ध मला पूर्वार्धापेक्षा अधिक उपयोगी वाटतो, आणि बयानांत तो घाईने उरकला जातो अशी माझी तक्रार आहे. पैगंबर (स.) परतल्यावर मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक सबबी घेऊन आले आणि त्यांच्या सबबी वरकरणी स्वीकारल्या गेल्या. काब कवी होते, वाक्चतुर होते, त्यांना सर्वांत चांगली सबब रचता आली असती, आणि त्यांनी ती रचण्याचा विचार केलाही होता. पण समोर बसल्यावर ते म्हणाले की माझ्याजवळ कसलेही कारण नव्हते. त्यानंतर त्यांच्याशी आणि हिलाल बिन उमय्या व मुरारा बिन रबी यांच्याशी कुणीही बोलू नये असा आदेश झाला, आणि तो बहिष्कार पन्नास रात्री चालला. त्या काळात त्यांचे दोन्ही साथीदार घरात बसून रडत राहिले, काब मात्र बाजारात जात होते आणि नमाजला मस्जिदीत येत होते, सलामाला उत्तर मिळत नसतानाही. अपराधाची बोच त्यांना होतीच. सूरह तौबाच्या ११८व्या आयतीत म्हटले आहे की विस्तीर्ण असूनही जमीन त्यांना अपुरी झाली होती. पण त्या बोचणीपायी त्यांनी आपला दिनक्रम सोडला नाही.

तौबा (पश्चात्ताप) कबूल झाल्याची वार्ता आल्यावर आनंदाच्या भरात त्यांनी आपली सारी मालमत्ता सदका (दान) म्हणून देऊ केली. पैगंबर (स.) यांनी त्यांना काही मालमत्ता स्वतःकडे ठेवण्यास सांगितले, कारण तेच त्यांच्यासाठी अधिक बरे होते. चालढकल करणाऱ्या माणसाला मोठमोठे संकल्प सोडण्याची हौस असते: आता रोज दहा पाने लिहीन, आता तहज्जुदपासून (रात्रीच्या ऐच्छिक नमाजपासून) बसेन. माझ्या मते अशा संकल्पांना या प्रसंगात परस्पर उत्तर मिळालेले आहे. आपण मार्गदर्शकांना आणि चुलतभावाला एवढेच सांगून पाहावे की उशीर झाला आणि त्याला कारण काही नाही. सबब रचण्यात खर्च होणारी शक्ती वाचली तरी पुष्कळ झाले.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

मिरजकरांनी लिहिलेले वाचून समाधान वाटले. आपण कार्यपद्धती मागितली आहे, म्हणून मी त्याच बाजूने लिहिते.

बुखारीतील एका हदीसीत असे आहे की माणूस झोपतो तेव्हा शैतान त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला तीन गाठी मारतो आणि प्रत्येक गाठीवर म्हणतो, ‘रात्र अजून बरीच आहे, झोप.’ अल्लाहचे स्मरण केले की एक गाठ सुटते, वुजू (नमाजपूर्वी हातपाय धुणे) केला की दुसरी आणि नमाज पढली की तिसरी. मग माणूस सकाळी उत्साही आणि प्रसन्न असतो, नाही तर जड आणि आळसावलेला. प्रत्येक गाठीवर एकच वाक्य आहे, वेळ अजून पुष्कळ आहे, आणि प्रबंध लिहिणाऱ्यालाही नेमके तेच ऐकू येते. सुटण्याचा क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. पहिली पायरी केवळ जिभेची, दुसरी हातपाय ओले करण्याची, आणि संपूर्ण कृती तिसऱ्या क्रमांकावर. आपण टेबलाशी जाताना थेट तिसऱ्या गाठीला हात घालता. त्याऐवजी वहीत आज लिहावयाच्या परिच्छेदाचे नुसते शीर्षक लिहावे, मग संबंधित टिपणे काढून समोर ठेवावीत, आणि मगच पहिले वाक्य लिहावे. शाळेत मी मुलांकडून निबंध याच रीतीने लिहून घेत असे, आणि त्यात हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतली मुले असत; रीत सगळ्यांनाच लागू पडत असे.

पैगंबर (स.) वारंवार करीत असलेली एक दुआ (प्रार्थना) हजरत अनस (रजि.) यांनी नोंदवली आहे: अल्लाहुम्मा इन्नी अऊजु बिका मिनल-हम्मि वल-हजन, वल-अज्जि वल-कसल, वल-जुब्नि वल-बुख्ल, व जलइद्-दैनि व गलबतिर्-रिजाल. तिच्यात चिंता आणि दुःख, असमर्थता आणि आळस, भित्रेपणा आणि कंजुषी, कर्जाचे ओझे आणि लोकांची सत्ता, अशा जोड्यांपासून आश्रय मागितला आहे. आळसाच्या आधी चिंता आणि दुःख आले आहे, आणि कर्ज सर्व मानसिक दोषांच्या नंतर आले आहे, हे मला अनुभवाला धरून वाटते. ही दुआ पढताना आपले काम नेमके कुठल्या जागी अडले आहे ते ओळखावे. प्रकरण लिहिण्याची भीती वाटत असेल, तर त्याला आळस म्हणून स्वतःला कोसण्यात अर्थ नाही.

आता वेळेविषयी. आपण चिपळूणचे असल्यामुळे बहुधा शाफई असाल (शाफई आणि हनफी या इस्लामी विधिपरंपरा आहेत), आणि आपल्याकडे असरची वेळ मिरजेकडच्या हनफी मंडळींच्या मानाने सुमारे तासभर आधी सुरू होते. त्यामुळे जोहर ते असर हा आपला पट्टा लहान आहे आणि असर ते मगरिब हा मोठा. ज्या कामाला डोके शांत लागते ते फजरनंतर ठेवावे, आपल्या उम्मतच्या (अनुयायांच्या) पहाटेच्या वेळेत बरकत दे अशी दुआ पैगंबर (स.) यांनी केल्याचे हजरत सख्र अल-गामिदी (रजि.) यांनी सांगितले आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत असेही येते की ते स्वतः व्यापारी होते, आपला माल दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करीत आणि त्यातून संपन्न झाले. कार्यालये, तलाठी, बँक ही कामे साहजिकच जोहरच्या आधी उरकावीत. असर ते मगरिब हा वेळ टिपणे लावणे, संदर्भ तपासणे अशा कामांना द्यावा. दोन अजानांच्या मध्ये एकच काम धरावे आणि पुढची अजान झाली की ते अपुरे असले तरी थांबवावे. थांबण्याची वेळ माहीत असली की सुरुवात करणे सोपे जाते.

इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी आत्मपरीक्षणाची जी पद्धत सांगितली आहे तीही पाहावी. व्यापारी जसा आपल्या भागीदाराला भांडवल सोपवताना अटी घालतो, तसे फजरची फर्ज नमाज झाल्यावर माणसाने थोडा वेळ काढून आपल्या नफ्सला (मनाला) आजच्या दिवसाच्या अटी घालाव्यात, दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवावे आणि दिवसाअखेर हिशेब घ्यावा, असे ते म्हणतात. अटी मोजक्या असाव्यात, हे मी माझ्या पदरचे जोडते. हजरत आयेशा (रजि.) यांच्या हदीसीप्रमाणे अल्लाहला सर्वांत प्रिय असलेले कर्म ते, जे सातत्याने होते, मग ते थोडके का असेना.

दुसरी बाजू (पुणे)

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. तबूकची हाक ही सर्वांवर बंधनकारक असलेली आज्ञा होती. प्रबंध तसा नाही. प्रत्येक लांबलेले काम ईमानच्या कमजोरीच्या खात्यात टाकले, तर आधीच शरमेने दबलेला माणूस आणखी दबतो. प्रश्नकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे की शरम वाटली की फाइल उघडवत नाही. झोप, भूक, कामातला रस या सर्वांवरच परिणाम होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. अल्लाहने असा कुठलाही आजार उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, ही हदीस बुखारीत आहे आणि ती मनाच्या आजारालाही तितकीच लागू आहे.

दुसरे असे की शरियतीत प्रत्येक विलंब गुन्हा मानलेला नाही. जोहरची नमाज तिच्या वेळेत आरंभीही पढता येते आणि नंतरही. हजरत आयेशा (रजि.) सांगतात की रमजानचे राहिलेले रोजे त्यांना पुढच्या शाबानमध्येच (रमजानच्या आधीच्या महिन्यातच) पुरे करता येत. हजच्या बाबतीत तर मजहबांत (विधिपरंपरांत) मतभेद आहे: ऐपत येताच लगेच जावे असे बहुतेकांचे मत, तर शाफई फिकहमध्ये (विधिशास्त्रात) तो पुढे ढकलण्यास मुभा आहे, आणि त्याला आधार असा दिला जातो की मक्का हिजरी ८ मध्ये जिंकले गेले तरी पैगंबर (स.) यांनी स्वतः हज केला तो हिजरी १० मध्ये. मात्र या मुभेला शाफई उलमांनी (विद्वानांनी) एक अट जोडली आहे, आणि माझ्या मते आपल्या साऱ्या प्रश्नाची किल्ली त्या अटीत आहे. सवडीने करावयाचे कर्तव्य पुढे ढकलायचे असेल, तर ते करण्याचा अज्म, म्हणजे पक्का निश्चय, त्याच वेळी मनात हजर असला पाहिजे. आणि ऐपत असूनही हज न करता माणूस मरण पावला, तर तो मुभेचा आधार घेऊ शकत नाही. काम पुढे ढकलताना ‘केव्हा’ याचे उत्तर आपल्याजवळ असेल तर ते नियोजन आहे. उत्तर नसेल तर ती चालढकल आहे, मग कारण कितीही धार्मिक असो.

या कसोटीवर आपली तीन कामे एका रांगेत उभी राहत नाहीत. उसनी रक्कम ही दुसऱ्याचा हक्क आहे. देण्याची ऐपत असलेल्याने देणे लांबवणे हा जुल्म आहे, असे बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीसीत स्पष्ट म्हटले आहे, आणि आपण पैसे खात्यात असल्याचे लिहिले आहे. तिथे निश्चयाची किंवा पहाटेच्या बरकतीची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. मोबाइलवरून पैसे पाठवायला फार वेळ लागत नाही. बहिणींच्या हिश्श्याचेही तसेच. सूरह निसाच्या ११व्या आयतीत वारशाचे हिस्से वसियत आणि कर्ज वजा केल्यानंतरचे म्हणून नेमून दिले आहेत, आणि मुलीचा हिस्सा कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आपल्याकडे हा विषय ‘बहिणी कुठे मागताहेत’ या वाक्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो. बहिणी मागत नाहीत, कारण माहेर तुटेल अशी त्यांना भीती असते. प्रबंध या दोन्हींच्या नंतर येतो. कदाचित तो याच दोन कामांच्या ओझ्याखाली अडकला असेल. हा केवळ माझा अंदाज आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तिन्ही कामे मी आजवर एकाच यादीत लिहीत आलो आणि त्यांत प्रबंध नेहमी सर्वांत वर असे. चुलतभावाला पैसे पाठवले आहेत. दोन शंका उरतात. शेवटच्या प्रकरणाची मांडणी बदलावी की नाही याविषयी मन डळमळीत आहे. त्यासाठी इस्तिखारा (योग्य निवडीसाठी अल्लाहकडे करायची दुआ) करून काही संकेत मिळेपर्यंत थांबावे काय? आणि वारस नोंदीसाठी उशीर झालेला असला तरी अर्ज घेतला जातो काय?

मिरजकर

इस्तिखाऱ्याची जी दुआ हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसीत आहे, तिच्याआधी दोन रकात (आवर्तने) नफल (ऐच्छिक) नमाज आहे आणि दुआत अल्लाहकडे भल्याचा मार्ग सुकर करण्याची विनंती आहे. स्वप्न पडेपर्यंत थांबावे असे त्या हदीसीत कुठेही म्हटलेले नाही. मांडणीचे दोन पर्याय मार्गदर्शकांपुढे ठेवावेत, दुआ करावी आणि जो पर्याय रास्त वाटतो त्यावर लिहायला लागावे. तो मार्ग बरा नसेल तर तो आपल्यापासून वळवण्याची विनंतीही त्याच दुआत आहे. बहिणींच्या हिश्श्यासाठी इस्तिखारा नाही, कारण फर्ज बाबीत निवड करावयाची नसते.

वारस नोंदीविषयी: महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारशाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवणे अपेक्षित आहे, पण ती मुदत उलटली म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही आणि अर्जही करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे व पत्ते देऊन तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा. वारसांच्या यादीत आई हयात असल्यास तिचे आणि सर्व बहिणींचे नाव पहिल्याच अर्जात घालावे, नंतर घालू म्हणून वगळू नये. त्यानंतर फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात.